मधली गोळी

"औषध पोरीपासून लांब ठेवा, पण काकांपासून लांब ठेवू नका," असं सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या घरात चार वर्षांचं माकड नाही म्हणून सुचतंय तुला हे.

सिस्टर म्हणजे आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या नर्स, आणि त्यांचे काका म्हणजे माझे बाबा. बाबांचा कॅन्सर प्रोस्टेटमधून मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरला होता. तो बरा करायची औषधं संपली होती, आता दुखणं आवरायची सुरू झाली होती. आई गेल्यापासून बाबा एकटे राहायचे. जिना चढवेना झाला तेव्हा मी त्यांना आमच्याकडे आणलं, म्हणजे भुंगाच्या खोलीत. भुंगा माझी मुलगी. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं आहे, पण ती दिवसभर गुणगुणत घरभर फिरते आणि वाट्टेल तिथे जाऊन बसते. टेबलावर, खिडकीत, एकदा तर वॉशिंग मशीनवर. म्हणून भुंगा.

ह्याच भुंगाने सव्वा वर्षापूर्वी माझ्या लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. लाल, चकचकीत, वरून गोड. तीन की पाच ते आजतागायत कळलेलं नाही, कारण पाकिटात आधी किती होत्या हे मला डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. आठ तास तिला निगराणीखाली ठेवलं. काही झालं नाही. म्हणजे तिला झालं नाही. मला जे झालं ते अजून गेलेलं नाही. कुणाच्याही घरात गेले की माणसांच्या आधी मला तीन फुटांच्या खालचे खण दिसतात. कुणाची पर्स जमिनीवर असली की माझं गप्पांत लक्ष लागत नाही.

आणि अशा बाईच्या घरात मॉर्फिन आलं.

सिस्टरनी कागदावर लिहून, बोटाने दाखवत समजावलं होतं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा अशी एकेक गोळी आणि रात्री दहाला दोन. दुखत असो नसो, घ्यायचीच. दुखणं डोकं वर काढायच्या आत त्याला दाबायचं. आणि एवढं करून मधेच कळ उसळली, तर आणखी एक गोळी, लगेच. "ही मधली घेतली म्हणून पुढची चुकवायची नाही हं. ही वेगळी, ती वेगळी. दिवसात तीनपेक्षा जास्त लागल्या तर मला फोन. आणि मॉर्फिन चालू तोवर पोट साफ व्हायचं औषध चालू, त्यात माझ्याशी वाद नाही." आमच्या घरात त्या जादा गोळीचं नावच पडलं, मधली गोळी.

मी त्याच संध्याकाळी कुलपाचा पत्र्याचा डबा आणला. सगळ्या गोळ्या त्यात, डबा ओट्याच्या वरच्या कपाटाच्याही वर आणि किल्ली माझ्या गळ्यात, साखळीला. डबा काढायचा तर आधी भुंगाला दुसऱ्या खोलीत घालवायचं, स्टूल ओढायचं, चढायचं, डबा उतरवायचा, उघडायचा, गोळी काढायची, मोजायचं, बंद करायचा, पुन्हा चढायचं. नवरा म्हणाला, "अगं, गोळी देतेस की खजिना उकरतेस?" मी म्हटलं, "पुन्हा दवाखान्यात बसायची हौस असेल तर ठेव टेबलावर." त्याने स्टूल धरून ठेवलं. त्या प्रसंगाचं नाव काढलं की आमच्या घरात वाद तिथेच संपतो.

दादाचा फोन आला. तो लांब राहतो, म्हणून त्याला सगळं माहीत असतं. "जपून हं. त्या औषधाची सवय लागते म्हणतात."

फोन स्पीकरवर होता. पलंगावरून बाबा म्हणाले, "लागू दे रे. सवय लागून माझं कोणतं कॉलेज बुडणार आहे?"

बाबा असे. चौतीस वर्षं बस डेपोत वेळनोंद करायचे. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता टेकली, किती मिनिटं उशीर आणि का, हे वहीत लिहायचं, बस्स. एवढ्याशा कामातून त्यांनी एक धर्मच काढला होता. गाडी वेळेच्या आधी सोडायची नाही. सगळे प्रवासी बसलेत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तरी नाही. मी विचारायचे, "बाबा, दुखतंय का?" ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. "ठीक आहे. दोनची आहेच ना."

सिस्टरनी दिलेला तक्ता मी फ्रिजवर लावला होता. नेहमीच्या गोळ्यांचा रकाना खुणांनी भरत होता. मधल्या गोळीचा रकाना कोरा. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस, अकरा दिवस कोरा. मी तो येता-जाता बघायचे आणि मला बरं वाटायचं. दादाला सांगितलंही, "मधली एकदाही लागली नाही." माझं लक्ष किती आहे, सगळं कसं ताब्यात आहे, अशा थाटात.

लक्ष होतंच माझं. मी घरून काम करते, शाळेच्या पाठ्यपुस्तकांच्या चुका तपासायचं, आणि एका पानामागे तीनदा उठते. बाबांच्या घोट्यावर बोट दाबून सूज बघायचे. लघवीचा रंग बघायचे. किती घास गेले ते मोजायचे. पलंगाची डावी कड रोज चुरगळलेली असायची, चादर गादीखालून उपसून निघालेली, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. मला वाटलं कापड निसरडं आहे. मी चादर बदलली. दुसरी, जाड सुती, घट्ट खोचून घातली. ती पण निघाली. मग मी कोपऱ्यांना इलॅस्टिक शिवलं.

आता हे लिहितानासुद्धा उठून दोन फेऱ्या मारून आले.

बाराव्या दिवशी, अकराला पाच कमी असताना शाळेतून फोन आला. भुंगा घसरगुंडीवरून पडली, हनुवटी फाटली, रक्त थांबत नाहीये. मी भांडी विसळत होते. तशीच निघाले, ओल्या हातांनी. दारातून ओरडले, "बाबा, भुंगाला लागलंय, आलेच!" ते म्हणाले, "पळ. इथली काळजी नको." दहाची गोळी दिलेली होती. दोनला वेळ होता. मी रोज तिला आणायला जाते तेव्हा बाबा वीस मिनिटं एकटे असतातच, काही होत नाही. रिक्षात बसल्यावर मी गळ्याशी हात नेऊन किल्ली चाचपली. आहे. मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू?

दवाखान्यात रांग होती. मग फॉर्म. मग सुन्न करायचं इंजेक्शन देणारे डॉक्टर जेवायला गेलेले. भुंगा माझ्या खांद्यावर रक्त आणि शेंबूड पुसत विचारत होती, "आई, माझी हनुवटी आता पडणार का?" शेवटी बारा वीसला आम्हाला आत घेतलं. तीन टाके. मी तिचे दोन्ही हात धरून वाकलेली, आणि माझा फोन वाजला. नर्सने तो माझ्या कानाला लावला.

"टाके किती?" बाबांचा आवाज.

"तीन. पहिला घालतायत. तुम्हाला काही हवंय का बाबा?"

फोनमध्ये पलंग करकरला. मग, "नाही गं. चहा करून घेऊ का, विचारत होतो."

"घ्या की. दूध फ्रिजमध्ये आहे."

"बरं बरं. तिला सांग, आजोबा म्हणाले शूर आहेस."

बाबा दुपारी चहा घेत नाहीत. सकाळी सातला आणि संध्याकाळी चारला, माझ्या जन्माआधीपासून. आणि त्या दिवसांत स्वयंपाकघरापर्यंत चालत जाणंसुद्धा त्यांना भिंत धरून जमायचं, चहा कुठला करतायत? मला हे माहीत होतं. तो आवाज मला खटकला, नक्की खटकला. पण भुंगाने किंकाळी फोडली आणि मी तो बाजूला सारला. घरी जाऊन बघू म्हटलं.

घरी पोचायला पावणेदोन झाले.

बाबा पलंगावर नव्हते. पलंगाच्या डाव्या बाजूला, जमिनीवर, गुडघे आणि कोपरे टेकून होते, लहान मूल रांगायच्या आधी झुलतं तसे मागे-पुढे झुलत. सदरा पाठीला चिकटलेला. एका मुठीत माझी इलॅस्टिकची चादर. तोंडातून आवाज नव्हता, नुसता श्वास, मोजून घेतल्यासारखा. भुंगा माझ्या कडेवरून म्हणाली, "आजोबा घोडा घोडा खेळतायत?"

मी तिला तशीच हॉलमध्ये टीव्हीसमोर सोडली. स्टूल, चढणं, डबा, किल्ली. किल्ली कुलपात जाईना, उलटी धरली होती. पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. "बाबा, तोंड उघडा."

त्यांनी मान वळवून घड्याळ बघितलं. "तेरा मिनिटं आहेत अजून."

"बाबा!"

"दोनची—"

"खड्ड्यात गेली दोनची!" मी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. त्यांनी तोंड उघडलं.

एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून मी सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दिलीत ना? छान. आता दोनची पण द्यायची, वेळेवर. त्यांना उचलायची घाई करू नका, ज्या स्थितीत बरं वाटतंय त्यात राहू द्या. गुडघ्याखाली उशी सरकवा. श्वास, जाग, सगळं बघत राहा. पायात बळ आहे ना? लघवी झालीय? ठीक. मी तासाभरात येते."

मी उशी सरकवली. मग उठले, भुंगाला बघितलं, परत आले, बसले, उठले, डबा कुलूपबंद आहे का बघितलं, परत आले. वीस-पंचवीस मिनिटांनी बाबांचं झुलणं मंदावलं. अर्ध्या तासाने ते कुशीवर कलंडले आणि जमिनीवरच डोळे मिटले. तेव्हा मला पलंगाखाली ढकललेली वही दिसली. भुंगाची चित्रकलेची. मागच्या पानावर बाबांचं ते डेपोतलं बारीक, सरळ अक्षर. शेवटी शेवटी सरळ नव्हतं.

११.२५ – नळ वाहता राहिला. बंद करण्यास उठलो.
११.३० – परतताना खुब्यात कळ.
११.४५ – वाढ.
१२.०५ – बसवत नाही. झोपवत नाही.
१२.२५ – फोन केला. टाके चालू. परत.
१२.५० – खाली उतरलो. बरे.
१.१० – बरे नाही.
१.३० –

पुढे काही नव्हतं. नळ मी उघडा टाकून गेले होते.

सिस्टर आल्या तेव्हा बाबांना आम्ही दोघींनी पलंगावर घेतलं. त्यांनी खुबा तपासला, पाय हलवून बघितले, "मोडलेलं दिसत नाही, पण डॉक्टरांशी बोलते" म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरचा तक्ता काढून आणला. कोऱ्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"काका, मधली गोळी एकदाही नाही? अकरा दिवसांत?"

"लागली नाही," मी म्हटलं. सवयीने.

त्या माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाल्या, "खरं सांगा. मी काही डेपो मॅनेजर नाही, पगार कापणार नाही."

बाबा हसले. गोळीने जरा सैलावले होते. "लागायची. दिवसातनं तीन-चारदा. उठताना, कूस बदलताना."

"मग मागितली का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. "हिचा चेहरा बघवत नाही हो. गोळी काढायला स्टुलावर चढते ना, तेव्हा सुरुंग उकरायला निघाल्यासारखी दिसते. पोरीला हाकलते, पोर रडते, ही घामाघूम. दिवसात पाच वेळा ते करते माझ्यासाठी. सहाव्यांदा कशाला करायला लावू? धरून बसायचं थोडं. चादर हाताशी होतीच."

मी चादरीकडे बघितलं. तिच्या चारी कोपऱ्यांना मी किती नीट शिवण घातली होती.

"ताई," सिस्टर म्हणाल्या, "कोरा रकाना बघून मलाही वाटलं बरं चाललंय. मीही विचारलं नाही. तेव्हा एकट्या रडू नका, निम्मं मला ठेवा." मग पिशवीत हात घालून त्यांनी एक बाटली काढली, जाड, बुटकी, झाकण खाली दाबून फिरवल्याशिवाय न उघडणारी. "ह्यात रोज सकाळी मधल्या तीन गोळ्या. फक्त तीन. बाटली कापडी पिशवीत, पिशवी काकांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत. ते घेतील, वेळ लिहितील, तुम्ही नंतर बघाल. बाकीचं तुमच्या तिजोरीत राहू द्या, चांगली आहे ती."

"भुंगा त्यांच्या अंगावर चढते," मी म्हटलं. "ती उघडेल. तुम्हाला माहीत नाही ती."

"मग बोलवा तिला."

बाटली रिकामीच होती. भुंगा हनुवटीवर पट्टी घेऊन आली. सिस्टर म्हणाल्या, "हे उघडून दाखव बघू." भुंगाने झाकण फिरवलं. चावलं. जमिनीवर आपटलं. त्यावर बसली. मग बाटलीलाच "उघड ना गं!" म्हणून विनवलं. पाच मिनिटांनी ती रडायला लागली आणि पट्टी ओढायला लागली, तेव्हा आम्ही थांबवलं. मग बाबांची पाळी. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. भुंगा रडायची थांबून आशेने बघत होती. तिसऱ्यांदा त्यांनी बाटली मांडीवर टेकवली, तळहाताने दाबलं, खट्‌. सिस्टरनी त्यांना दहा वेळा उघडायला लावलं. सातव्या वेळी बाबा म्हणाले, "ह्यापेक्षा दुखलेलं परवडलं." दहाही झाल्या.

"आणि हे पक्कं लक्षात ठेवा," त्या मला दारात म्हणाल्या, "ही बाटली पोरीला अडवते, कायमची रोखत नाही. नजर ठेवावी लागेलच. पण नजर गोळीवर ठेवता तेवढी माणसावर पण."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दर चार तासांची गोळी वाढवली, हाडाची सूज उतरायचं औषध जोडलं आणि खुब्याला किरणांचा एक डोस द्यायला बोलावलं. हे सगळं अकरा दिवस आधी करता आलं असतं, फक्त कुणीतरी कळवायला हवं होतं. दुखणं पार गेलं नाही. दुखणं जात नाही म्हणतात, पण लहान झालं, खोलीच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. बाबा दुपारचे झोपायला लागले. पाळण्यात घालावं तशी झोप. मला ती पण सोसेना. मी दाराशी उभी राहून छाती वर-खाली होते का बघायचे.

बाबांनी पहिली मधली गोळी स्वतःहून घ्यायला तीन दिवस लावले. मी टेबलावर काम करत होते, भुंगा पायाशी रंगवत होती. आतून पलंग करकरला. मग शांतता. मला कळलं, कळ आलीय. खुर्चीतून उठायचं नाही असं मी स्वतःला बजावलं आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. भुंगाने गुणगुणणं थांबवून वर बघितलं. "आई, तू पण चादर ओढतेस?" तिने बघितलं होतं म्हणजे. तिने आजोबांना रोज बघितलं होतं, आणि मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

आत खट्‌ असा आवाज झाला. मग पाण्याचा घोट. मग बाबा मोठ्याने, सगळ्या डेपोला ऐकू जावं असे, "अकरा सतरा! जादा गाडी सोडली!"

मी आत गेले नाही. बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

हे होऊन दीड महिना झाला. सगळं सुरळीत आहे असं नाही. मळमळ येते-जाते, पोटाच्या औषधावरून आमची रोज भांडणं होतात, आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून पुढे काय आहे ते बाबांना माझ्याहून आधी कळलंय. पण रकाना आता खरा भरतो. कधी दोन, कधी एक. कोरा राहिला तर मी दादाला फोन करत नाही, त्यांच्याशेजारी जाऊन बसते.

मी हे टेबलावर बसून लिहितेय. आत दहा मिनिटं झाली, काही हालचाल नाही, ती झोप असेल किंवा नसेल. मी उठतेच आहे. तुम्हीही उठा. तुमच्या घरात, नाहीतर तुमच्याच जिन्यावर, कुणीतरी असं असेल, ज्याच्याबद्दल सगळे कौतुकाने सांगतात की त्याचा कुणालाही काडीचा त्रास नाही. दारातून विचारू नका, दारात तो ठीकच असतो. आत जा, शेजारी बसा, बोलत राहा आणि बोलताना त्याच्या हातांकडे बघा.